ऊप्स शिकवताना क्रम चुकतो

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, विद्यार्थ्यांच्या बोलीत ‘ऊप्स’, ही प्रोग्रॅम रचण्याची एक पद्धत आहे. माहिती आणि त्या माहितीवर चालणारी कामे एकत्र ठेवायची, अशा प्रत्येक जोडणीला ऑब्जेक्ट म्हणायचे, आणि ऑब्जेक्टनी एकमेकांना कामे सांगत सगळा प्रोग्रॅम पुढे न्यायचा, एवढाच तिचा गाभा आहे. तो समजायला फार गणित लागत नाही. तरीही पहिल्या-दुसऱ्या वर्षातले कितीतरी विद्यार्थी हा विषय पाठ करून पास होतात. एन्कॅप्सुलेशनची व्याख्या विचारली की ती घडाघडा येते. शंभर ओळींचा चालू प्रोग्रॅम पुढ्यात ठेवून यात क्लास कुठे करायचा असे विचारले की वर्ग गप्प होतो. याचा दोष विषयाकडे थोडा आणि तो ज्या क्रमाने समोर येतो त्या क्रमाकडे बराच जातो. आधी चार व्याख्या, मग क्लासचे व्याकरण, मग इनहेरिटन्सचे प्रकार, आणि ऑब्जेक्ट सगळ्यांत शेवटी, तोही ‘मेन’मधल्या एका ओळीपुरता. ही पद्धत जन्मली तेव्हा क्रम नेमका उलटा होता.

1960 च्या दशकात ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ऊले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांना खऱ्या जगातल्या व्यवस्थांची नक्कल संगणकावर चालवून बघायची होती. काउंटरपुढे रांग किती वाढेल, बंदरात जहाजे किती खोळंबतील, असे ते प्रश्न. जहाजे अनेक, प्रत्येकाचा माल वेगळा, वेळ वेगळी, पण वागण्याची रीत एकच. ती रीत एकदाच लिहून तिच्यातून हवी तितकी जहाजे उभी करता यावीत, या गरजेतून ‘सिम्युला 67’ मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आले. म्हणजे जहाजे आधी डोळ्यांसमोर होती. क्लास ही त्यानंतर सुचलेली सोय. या कामासाठी दोघांना 2001 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पुढचा टप्पा कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोचा. झेरॉक्सच्या तिथल्या संशोधन केंद्रात 1970 च्या दशकात ॲलन के, डॅन इंगल्स आणि ॲडेल गोल्डबर्ग ‘स्मॉलटॉक’ घडवत होते आणि ती भाषा शाळकरी मुलांवर पारखून पाहत होते. गोल्डबर्ग यांनी शिकवण्याची जी रीत काढली ती आजही कोणत्याही प्राध्यापकाने बघून ठेवावी अशी आहे. पडद्यावर एक चौकोन, त्याचे नाव ‘जो’. मुलाने जोला वळायला सांगितले की तो वळतो, वाढायला सांगितले की वाढतो. मग ‘जिल’ नावाचा दुसरा चौकोन. जिलला वळवले तरी जो जागचा हलत नाही. दोघांची रीत एक, अवस्था वेगवेगळी, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असे. त्यानंतर मुलांना विचारायचे की हा चौकोन आतून कसा लिहिला असेल. त्यांचे अंदाज पुष्कळ जवळ जात, असे के यांनी पुढे नोंदवले आहे. क्लासची व्याख्या दाखवायची ती या अंदाजांच्या नंतर.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या वर्गाची ऊप्सशी ओळख याहून फार वेगळ्या वाटेने झाली. बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये आणि पदविकेच्या वर्गांत ती वर्षानुवर्षे सी++ मधून होत आली, आणि तीही बहुतेक ठिकाणी निळ्या पडद्याच्या टर्बो सी++ वर. हे सॉफ्टवेअर 1990 च्या दशकाच्या आरंभीचे. सी++ चे आंतरराष्ट्रीय मानक ठरले 1998 मध्ये. त्यामुळे ‘आयओस्ट्रीम डॉट एच’, ‘व्हॉइड मेन’, ‘क्लिअरस्क्रीन’, ‘गेटसीएच’ ही मानकात नसलेली मंडळी जर्नलच्या प्रत्येक पानावर मुक्कामाला राहिली. तरी टर्बोला फार दोष देऊ नये. संकलक बदलला म्हणून शिकवणे बदलत नाही. त्याच जर्नलमध्ये पहिला प्रयोग ‘क्लास आणि ऑब्जेक्टची संकल्पना’ असतो, त्यात एकच ऑब्जेक्ट बनते, ते दोन आकडे घेते, बेरीज छापते आणि संपते. दोन आकड्यांच्या बेरजेला क्लास कशाला हवा, हा प्रश्न चुणचुणीत विद्यार्थ्याला पडतो आणि त्याचे खरे उत्तर ‘नकोच’ असे आहे. जिथे गरज नाही तिथे साधन दाखवले की ते साधन निव्वळ कर्मकांड वाटते.

म्हणून सुरुवात गरजेपासून व्हावी. किराणा दुकानाच्या उधारीचे उदाहरण घेऊ. विद्यार्थ्याला पायथनमध्ये लूप, फंक्शन आणि लिस्ट येते. क्लास अजून ऐकलेलाही नाही. तो सरळ दोन लिस्ट करतो. एकीत नावे: शिंदे, गावडे, काळे. दुसरीत बाकी: 250, 900, 0. पहिल्या नावाची बाकी पहिल्या जागी, दुसऱ्याची दुसऱ्या. उधार लिहायला एक फंक्शन, जमा करायला एक, यादी छापायला एक. प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो आणि विद्यार्थी खूश होतो. आता शिक्षकाने एवढेच सांगावे की यादी अकारविल्हे छापून दे. विद्यार्थी नावांची लिस्ट सॉर्ट करतो: काळे, गावडे, शिंदे. बाकीची लिस्ट मात्र जिथल्या तिथे राहते. यादी छापली की काळ्यांच्या नावावर 250 रुपये चढलेले असतात आणि शिंद्यांची उधारी माफ झालेली असते. गावडे मधोमध होते म्हणून वाचले. प्रोग्रॅमने कुठेही एरर दिलेली नसते.

इथे विद्यार्थी डिक्शनरी सुचवू शकतो आणि त्याचे म्हणणे योग्यच असते: नाव, बाकी, फोन नंबर एका डिक्शनरीत ठेवले की सॉर्टची भानगड मिटते. शिक्षकाने ते मान्य करून पुढची अडचण आणावी. दुकानदाराला नियम हवा आहे की दोन हजारांच्या वर उधारी जाता कामा नये आणि जमा रक्कम शून्य किंवा उणे असता कामा नये. हा नियम लिहायचा कुठे? उधार लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये तो लिहिला, पण महिनाअखेरीला व्याज लावणारे फंक्शन बाकीला थेट हात घालते. तिथे तो विसरला. जुनी वही उतरवून घेणारे फंक्शन वर्गमित्राने लिहिले. त्याला नियम ठाऊकच नव्हता. माहिती एका जागी आली तरी तिची राखण सतरा ठिकाणी विखुरलेली राहिली. मग ‘खातेदार’ नावाचा क्लास करायचा, नाव आणि बाकी त्याच्या आत ठेवायचे, बाकी बदलण्याचे काम ‘उधार’ आणि ‘जमा’ या दोनच मेथडनी करायचे आणि नियम तिथेच लिहायचे. हे सगळे करून झाल्यावर, म्हणजे साधारण त्या तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत, फळ्यावर ‘एन्कॅप्सुलेशन’ हा शब्द लिहावा. पायथन बाकीला कडीकुलूप लावत नाही, नावाआधी अंडरस्कोर देऊन संकेतावर भागवते. जावा आणि सी++ मध्ये ‘प्रायव्हेट’ लिहिले की बाहेरून हात घालताच संकलक अडवतो. हा फरक त्यानंतर सांगितला की त्यातले मर्म कळते.

नवशिक्याच्या गोंधळाचे सगळ्यांत मोठे ठिकाण यापुढे येते, आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतले सायमन हॉलंड, रॉबर्ट ग्रिफिथ्स आणि मार्क वुडमन यांनी 1997 मध्ये ऑब्जेक्टविषयीच्या गैरसमजांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे निरीक्षण साधे होते: हे गैरसमज बरेचदा उदाहरणांतूनच येतात. क्लासचे एकच ऑब्जेक्ट दाखवले तर क्लास आणि ऑब्जेक्ट एकच आहेत असे विद्यार्थी धरून चालतो. ऑब्जेक्टमध्ये ‘नाव’ नावाची माहिती असली तर ते नाव हीच ऑब्जेक्टची ओळख आहे असे त्याला वाटते. उपाय उदाहरण बदलण्याचा. पहिल्याच दिवशी निदान दोन खातेदार करावेत, आणि त्यातही दोघांचे नाव शिंदे ठेवावे, दोघांची बाकी 250 ठेवावी. एका शिंद्याने शंभर भरले तर दुसऱ्याची बाकी किती? गावात एकाच नावाची दोन माणसे असतात हे विद्यार्थ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण संगणकातही तसेच असते हे त्याला प्रत्यक्ष बघावे लागते.

याच्या उलट बाजूचा प्रयोग आणखी महत्त्वाचा. ‘पहिले’ या व्हेरिएबलमध्ये 250 बाकी असलेला खातेदार आहे. पुढच्या ओळीत ‘दुसरे’ बरोबर ‘पहिले’ असे लिहिले. त्यापुढे ‘दुसरे’ला दीडशेची उधारी लावली. आता ‘पहिले’ची बाकी छापली तर काय येईल? प्रोग्रॅम चालवून पाहण्याआधी उत्तर वहीत लिहायला लावावे. पुष्कळ जण 250 लिहितात, पडद्यावर 400 येतात. आकड्यांच्या बाबतीत बरोबरचे चिन्ह नक्कल केल्यासारखे वागले होते, इथे तसे झाले नाही. कारण व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसते, ऑब्जेक्टचा पत्ता असतो, आणि दोन्ही नावे एकाच पत्त्यावर जातात. फळ्यावर एकच चौकोन आणि त्याकडे जाणारे दोन बाण काढले की गुंता सुटतो. पायथन आणि जावा दोन्हीत हे असे आहे. सी++ मध्ये मात्र साध्या ऑब्जेक्टची खरोखर नक्कल होते. म्हणूनच एका भाषेतून दुसरीत जाणारा विद्यार्थी इथे हमखास ठेचकाळतो. व्याख्यांच्या तासात या बाणांचा विषयही निघत नाही आणि पुढच्या वर्षी लिंक्ड लिस्ट शिकताना निम्मा वर्ग का अडला याचे आश्चर्य करत बसावे लागते.

पायथनमधल्या ‘सेल्फ’चा बागुलबुवा असाच दोन ओळींत घालवता येतो. ‘पहिले.जमा(100)’ असे लिहिले की पायथन आतमध्ये ‘खातेदार.जमा(पहिले, 100)’ असेच चालवते. दोन्ही ओळी टाइप करून बघाव्यात, परिणाम एकच येतो. म्हणजे सेल्फ हे कोणत्या खात्यावर काम करायचे ते सांगणारे पहिले पॅरामीटर आहे, बस्स. जावा आणि सी++ हेच पॅरामीटर लपवून ‘धिस’ या नावाने देतात. जाता जाता सांगण्यासारखे हे की पायथन 3 मध्ये व्हेरिएबल, मेथड आणि क्लास यांची नावे देवनागरीत चालतात. भाषेचे राखीव शब्द इंग्रजीच राहतात, पण ‘खातेदार’, ‘बाकी’, ‘उधार’ ही नावे तशीच लिहिता येतात. नोकरीत तसे कोणी लिहिणार नाही हे खरे. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र कोणता शब्द भाषेचा आणि कोणता आपण ठेवलेला, हे मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे एका नजरेत कळते.

ऑब्जेक्ट डोळ्यांना दिसावे यासाठी साधने तयार आहेत आणि ती फुकट आहेत. मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात केलेले ‘ब्लूजे’ 1999 पासून उपलब्ध आहे. त्यात क्लास चौकटीच्या रूपाने दिसतो. त्यावर राइट क्लिक करून ऑब्जेक्ट बनवले की खालच्या पट्टीत लाल पेटी येऊन बसते. पुन्हा केले की दुसरी पेटी. पेटीवर क्लिक करून मेथड चालवायची, दुसऱ्या खिडकीत तिच्या आतली माहिती बदलताना बघायची. ‘मेन’ लिहावे लागतच नाही. जो आणि जिलचीच ही जावातली आवृत्ती म्हणायची. पायथनसाठी फिलिप गुओ यांचे ‘पायथन ट्युटर’ आहे. ते प्रोग्रॅम एकेक ओळ पुढे नेत चौकोन आणि बाण आपोआप काढून दाखवते. प्रयोगशाळेतल्या संगणकावर ब्राउझर असला की झाले.

भाषांनीही आपला भार थोडा हलका केला आहे. 1995 मध्ये आलेल्या जावात पडद्यावर एक ओळ छापायची तरी ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’चा मंत्र लिहावा लागे, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाला शिक्षकाचे उत्तर एकच: हे पुढे कळेल. सप्टेंबर 2025 मधल्या जावा 25 पासून छोट्या प्रोग्रॅमला क्लासची चौकट आणि हे शब्द सक्तीचे राहिलेले नाहीत. तीस वर्षांनी का होईना, क्लास लागेल तेव्हाच क्लास लिहिण्याची मुभा जावाने दिली.

मग क्लास लागतो कधी? यावर शिक्षकांत जुना वाद आहे. संगणकशास्त्राच्या 2001 च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात ‘ऑब्जेक्ट आधी’ हा पहिल्या वर्षाचा एक मान्य मार्ग म्हणून नोंदला गेला, आणि संगणकशास्त्राच्या शिक्षणावरील 2005 च्या सिग्सी परिषदेत ‘ऑब्जेक्ट आधी शिकवण्याचा प्रयोग फसला आहे’ याच ठरावावर जाहीर वादविवाद झाला. कोलिंगही त्यात होते. फसल्याचे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की विद्यार्थ्याला धड लूप लिहिता येत नाही आणि त्याच्यावर क्लास लादला जातो. बचाव करणाऱ्यांचा मुद्दा असा की जुन्या सवयी मुरल्यावर नवा विचार रुजत नाही. दोन्हीत तथ्य आहे, पण ब्लूजेसारखे साधन आणि तयार क्लास हाताशी नसताना ‘ऑब्जेक्ट आधी’ म्हणणे हे सामान्य महाविद्यालयात व्याकरण आधी म्हणण्यासारखेच होते. पायथनच्या लिस्ट आणि स्ट्रिंग ही स्वतःच ऑब्जेक्ट आहेत. ‘यादी.अपेंड’ लिहिणारा विद्यार्थी पहिल्या आठवड्यापासून ऑब्जेक्टला कामे सांगतच असतो. तयार ऑब्जेक्ट वापरणे अगदी आरंभापासून, स्वतःचा क्लास लिहिणे मात्र लूप, फंक्शन आणि लिस्ट हातात बसल्यावर, हा क्रम बहुतेक वर्गांना मानवेल.

इनहेरिटन्स त्याहीनंतर, आणि शक्यतो सत्राच्या अखेरीस. आज ते ऊप्सचे मुख्य आकर्षण म्हणून दाखवले जाते: प्राणी हा वरचा क्लास, कुत्रा आणि मांजर खालचे, एक भुंकतो, दुसरे म्याव करते. या प्राण्यांचे पुढे कोणत्याही प्रोग्रॅममध्ये काही होत नाही. शिवाय ‘हा त्याचा प्रकार आहे’ एवढी बोलीतली कसोटी पुरेशी आहे असा चुकीचा धडा त्यातून मिळतो. गणितात चौरस हा आयताचा प्रकार आहे. पण आयताच्या क्लासमध्ये रुंदी स्वतंत्रपणे बदलण्याची मेथड असेल, तर चौरस तिचे काय करणार? उंचीही बदलली तर आयत समजून वापरणाऱ्याचा हिशेब चुकतो, नाही बदलली तर चौरस चौरस राहत नाही. वरच्या क्लासच्या जागी खालच्याचे ऑब्जेक्ट ठेवले तरी आधीचा प्रोग्रॅम बिघडता कामा नये, ही कसोटी बार्बरा लिस्कोव्ह यांनी 1987 मध्ये मांडली. जाणत्यांनीही ती मोडलेली आहे. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत ‘स्टॅक’ हा क्लास ‘व्हेक्टर’पासून काढलेला आहे, परिणामी ज्या रचनेत फक्त वरून घालायचे आणि वरून काढायचे, तिच्या मधोमधही वस्तू घुसवता येते. एरिक गामा आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांच्या 1994 च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथाने इनहेरिटन्सपेक्षा एका ऑब्जेक्टने दुसरे आपल्यात बाळगण्याला झुकते माप दिले ते अशाच अनुभवांमुळे. दुकानाकडे खातेदारांची यादी असते, दुकान हा खातेदाराचा प्रकार नसतो, हे नवशिक्याला सहज पटते. तिथूनच सुरुवात व्हावी.

पॉलिमॉर्फिझम मात्र लवकर यावे, कारण ऊप्सची खरी कमाई त्यात आहे. दुकानाची खाती दोन प्रकारची झाली: घरगुती आणि हॉटेलवाल्यांची. घरगुतीची मर्यादा दोन हजार, हॉटेलची मागच्या महिन्याच्या खरेदीवरून ठरते. महिनाअखेरीचा लूप प्रत्येक खात्याला फक्त त्याची मर्यादा विचारतो. कोणत्या प्रकारचे खाते आहे हे लूपला माहीत नसते. पुढे शाळेच्या मेसचे खाते आले तर नवा क्लास लिहायचा, लूपच्या एका अक्षराला हात लावायचा नाही. आधी हेच काम इफ-एल्सच्या शिडीने करून घ्यावे, तिसरा आणि चौथा प्रकार वाढवायला लावावा, आणि मग ती शिडी काढून टाकायला सांगावी. पायथनमध्ये यासाठी इनहेरिटन्सचीही गरज पडत नाही. विचारलेल्या नावाची मेथड त्या ऑब्जेक्टमध्ये असली की पुरते.

एवढे सगळे नीट शिकवले तरी एक गोष्ट उरते, आणि के यांनी ती प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. स्मॉलटॉक शिकलेल्या प्रौढ नवशिक्यांना भाषा पटकन आली, पण पत्त्यांची साधी वही स्वतःच्या बुद्धीने रचायला सांगितल्यावर ते अडले. ऑब्जेक्ट समजणे आणि प्रश्नातून ऑब्जेक्ट शोधून काढणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. दुसऱ्यासाठी केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1989 मध्ये मांडलेली कार्डांची रीत आजही उत्तम आहे: प्रत्येक क्लासला एक छोटे कार्ड, त्यावर क्लासचे नाव, त्याची जबाबदारी आणि त्याला कोणाची मदत लागते एवढेच. चार विद्यार्थी टेबलाभोवती बसतात, एकेक जण एकेका कार्डाची भूमिका घेतो आणि ‘शिंद्यांनी पाचशे भरले’ हा प्रसंग पार पाडतात. एका कार्डावरच सगळ्या जबाबदाऱ्या गोळा होऊ लागल्या की रचना कुठे चुकली ते संगणकाशिवाय दिसते.

शिकवणे बदलायचे तर परीक्षाही बदलावी लागेल, कारण विद्यार्थी परीक्षेला अनुसरून अभ्यास करतो आणि त्यात वावगे काही नाही. ‘क्लास आणि ऑब्जेक्टमधील फरक चार मुद्द्यांत लिहा’ हा प्रश्न जोवर हमखास येतो, तोवर गाइडमधले चार मुद्दे पाठ होतच राहतील. त्याऐवजी वर दिलेले ‘पहिले’ आणि ‘दुसरे’चे पाच ओळींचे उदाहरण छापून बाकी किती येईल आणि का, असे विचारता येते. दोन लिस्टचा प्रोग्रॅम देऊन त्यात क्लास बसवायला सांगता येते. व्हायव्हाला आलेल्या एक्स्टर्नलनी जर्नलवर सही करण्याआधी विद्यार्थ्याच्याच प्रोग्रॅममध्ये तिसऱ्या प्रकारचे खाते वाढवायला लावले, तर दहा मिनिटांत खरे काय ते समजते. यासाठी नवा अभ्यासक्रम, नवी पुस्तके किंवा नवे संगणक लागत नाहीत. पेपर काढणाऱ्यांनी आणि एक्स्टर्नलनी येत्या सत्रापासूनच हे सुरू करावे.